कानाडोळा

मंचावर जाण्याआधी प्रत्येक वक्ता
दोन मिनिटं माझ्यापाशी थांबतो.
मी त्याच्या कॉलरला माईक लावतो,
वायर कोटाच्या आतून, डबी कमरेला,
आणि हेडफोन चढवून ऐकतो
ते, जे सभागृहाला ऐकू जाणार नसतं :
सुकलेली जीभ, गिळलेला आवंढा,
स्वतःशीच पुटपुटलेलं पहिलं वाक्य.

ओउलू, नोव्हेंबर. दुपारी तीनलाच रस्त्यावर दिवे.
नदीकाठी सभागृह, नऊशे खुर्च्या,
गळ्यात नावं अडकवलेले डॉक्टर, नर्स, हिशेबनीस.
पडदाभर लिहिलेलं :
रुग्णसेवेचा दर्जा, आणि तो वाढवायचा कसा.

पहिलं बीजभाषण डॉ. व्हिटकोम्ब यांचं, बोस्टनहून.
म्हणाले, इस्पितळानं विमानाकडून शिकावं.
मी साउंडवाला. आठ वर्षांत
हे विमान माझ्या डोक्यावरून सहा वेळा गेलंय.
अजून कुठे उतरलेलं नाही.

दुसऱ्या प्राध्यापक लिंडरूस. त्यांचा आलेख
डावीकडे उंच, उजवीकडे उतरत गेलेला,
शाळेतल्या घसरगुंडीसारखा.
माईक लावताना त्यांचे हात गार होते.
हळूच म्हणाल्या, "तो सगळ्यात वरचा ठिपका आहे ना,
त्यात माझे वडील आहेत."
मंचावर हे बोलल्या नाहीत.

तिसऱ्या आउने कार्पिनेन.
नावाआधी पदवी नव्हती, म्हणून छापणाऱ्यानं
पत्रिकेत तिथे नुसतं एक टिंब ठेवलेलं.
करडा, हातानं विणलेला स्वेटर. कॉलरच नाही.
शेवटी माईक बटणपट्टीच्या घडीत बसवला.

"एकतीस वर्षं मी तळघरात
इस्पितळाच्या चादरी धुतल्या," त्या म्हणाल्या.
मग वही उघडली. चौकटीची, कोपरे ओल धरलेले.
वाचू लागल्या, वाणसामानाची यादी वाचावी तशी :

वॉर्ड चार, मंगळवार. वरची कवळी. चादरीत.
वॉर्ड सात, शुक्रवार. कानाचं यंत्र, डावं. उशीच्या अभ्र्यात.
वॉर्ड दोन. चष्मा. एकच काच.
वॉर्ड सात, शुक्रवार. कानाचं यंत्र, पुन्हा डावं.
वॉर्ड सात...

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
त्यांनी वर पाहिलं नाही.

"धुण्याचं पाणी सत्तर अंशांचं. त्यात कान टिकत नाही.
मी वर फोन करायचे. वरून सांगायचे,
आमचे आजोबा काही हरवल्याचं बोलले नाहीत,
विचारलेल्याला उत्तरच देत नाहीत,
गोंधळलेत, अशी नोंद केलीय.
त्यांचा कान माझ्या हातात होता."

कानाडोळा म्हणतात तो हाच असेल :
कान आणि डोळे चादरीत गुंडाळून
घाईघाईत खाली धाडून देणं.

चारशे बारा नोंदी. एकोणीस वर्षं
वही कुणी मागितली नाही.
मग एक नवी डॉक्टर वाट चुकून तळघरात आली,
आधी उभ्यानं वाचली, मग पाटीवर बसून वाचली.
आता प्रत्येक खाटेच्या कठड्याला एक पिवळी डबी आहे.
"बाकी काही नाही," आउने म्हणाल्या.
"डबी स्वस्त पडते. झाकणं हरवतात."

अकरा मिनिटं उरली होती.
त्यांनी वही मिटली आणि उतरल्या,
पायऱ्या बघून, एकेक.
टाळ्या उशिरा आल्या. मला तोवर ऐकू येत होती
फक्त लोकर, आणि लोकरीखालचा श्वास.

रात्री सामान मोजलं. एक माईक कमी.
मी सगळ्या खुर्च्यांखाली पाहिलं,
विमानवाल्या डॉक्टरांना निरोप धाडला,
माझ्या पगारातून कापा, असंही लिहून दिलं.

सोमवारी टपालानं पुडकं आलं.
आत रुमालात गुंडाळलेला माईक,
आणि चौकटीच्या कागदाचा तुकडा :

सभागृह दोन, गुरुवार.
माईक, एक. स्वेटरच्या घडीत.
धुण्याआधी मिळाला.